घोडा जमला, स्वार जमला, दोघांची ओळख काही होईना

मातीचा_गोळा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिल्पकला शिकतोय, शेवटचं वर्ष. यंदाच्या कामासाठी घोडेस्वार घेतलाय, साधारण दोन फुटी, शाडूत. पुढचे दोन्ही पाय उचललेला घोडा, वर मावळा, उजव्या हातात तलवार उगारलेली. सांगाड्याची तार तीनदा बदलली. घोड्याची हाडं आणि स्नायू पाठ केले. रात्री झोपेतसुद्धा गुडघे मोजायचो. दीड महिना गेला यात.

परवा आमच्या सरांनी बघितलं. हातात चहाचा कप, एक चक्कर मारली, मागे उभे राहिले, परत पुढे आले. म्हणाले, "घोडा बरा आहे. माणूस बरा आहे. दोघांची ओळख नाही." आणि कप ठेवून गेले.

दीड महिन्याला तीन वाक्यं! राग आला, पण रात्री ओला कपडा काढून परत बघितलं तर खरंच वाटलं. मावळा उचलून कट्ट्यावर बसवला तरी काही बिघडणार नाही, असा बसलाय. घोड्यालाही वर कोण आहे याचं काही पडलेलं नाही.

तर प्रश्न असा, की ही 'ओळख' मातीत दिसते कुठे? चेहऱ्यात? हातात? की माझ्या सरांना फक्त चहा गार झाल्याचा राग होता?

शनिवारपेठी | सोमवार, रात्री १०:५२

भावा, कावळा नाक्यावर जा. ताराराणींच्या पुतळ्यासमोर तासभर उभा राहा. विषय संपला.

काका_कोल्हापूरकर | सोमवार, रात्री ११:०५

बाळा, आधी पायांचं शास्त्र समजून घे. घोड्याचे दोन्ही पाय वर असतील तर स्वाराला युद्धात वीरमरण, एक पाय वर असेल तर जखमांनी मृत्यू, चारही जमिनीवर असतील तर नैसर्गिक मृत्यू. जगभर असंच असतं. तुझा मावळा कसा गेला ते आधी ठरव.

रंगपेटी | सोमवार, रात्री ११:३०

काका, तुम्ही रोज कावळा नाक्यावरून जाता ना? तिथल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर आहेत. ताराराणींचा जन्म १६७५ चा आणि मृत्यू १७६१ चा, सातारच्या किल्ल्यावर, शहाऐंशीव्या वर्षी. औरंगजेबाच्या फौजेशी सात वर्षं झुंजल्या, त्याच्यामागे चोपन्न वर्षं जगल्या. वीरमरण कुठलं आलंय? तुमचं शास्त्र आपल्या गावच्या वेशीवरच आडवं पडतं.

असा कुठलाही नियम नाही. पाय किती उचलायचे हे शिल्पकार ठरवतो, आणि त्याला परवानगी ओतकाम करणारा देतो.

(मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. फॉरवर्ड दिसला की हात शिवशिवतात. राग मानू नका.)

काका_कोल्हापूरकर | सोमवार, रात्री ११:३४

राग कसला सर. ग्रुपवर आलं होतं.

उद्यमनगरकर | मंगळवार, सकाळी ७:१५

ओतकामाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमची फाउंड्री यंत्रांचे सुटे भाग ओतते, पुतळे नाही. पण वजन ते वजनच.

दोन पायांवरचा घोडा म्हणजे सगळा भार मागच्या दोन खुरांच्या मधल्या वीतभर जागेत उतरला पाहिजे. पुढचं धड पोकळ आणि पातळ, मागचे पाय भरीव, आतून पोलाद, आणि ते पोलाद खाली चौथऱ्यात खोल गाडलेलं. माद्रिदला राजा चौथ्या फिलिपचा पुतळा आहे, १६४० चा, पिएत्रो टाक्काने केलेला. एवढा मोठा ब्राँझचा घोडा मागच्या पायांवर उभा करायची ती पहिलीच वेळ. गणितासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला असं सांगतात. तरी शेपटीचा गुपचूप टेकू घेतलाच. सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटचा १७८२ चा पुतळा आहे, त्यात घोड्याच्या टापेखाली साप आहे. लोकांना वाटतं साप म्हणजे शत्रू. शत्रू आहेच, पण शेपटी त्याला टेकवून आधारही घेतलाय.

आता आपले रवींद्र मेस्त्री. आनंदराव पेंटरांचा मुलगा, म्हणजे घरात कलेचं बाळकडूच. कावळा नाक्यावरचं त्यांचं काम बघताना मी तलवार बघतच नाही, मागचे खूर बघतो. तू पण तिथनं सुरुवात कर. तुझा घोडा खराच तोललाय का, का नुसता तारेला लटकलाय?

रंगपेटी | मंगळवार, सकाळी ८:०२

उद्यमनगरकर, सुरेख. भर घालतो. पुण्यातला शिवस्मारकाचा अश्वारूढ पुतळा नानासाहेब करमरकरांचा. मूळ ध्यास आपल्या शाहू महाराजांचा. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, पुढच्याच वर्षी महाराज गेले, काम राजाराम महाराजांनी तडीस नेलं. करमरकरांनी तो माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतून घेतला आणि १९२८ च्या जूनमध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सनने अनावरण केलं.

या विल्सनचा स्वतःचा पुतळा पुढे कोल्हापुरात बसला. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात गावाने त्याची काय गत केली ते जुन्या माणसांना विचारा. त्याच जागी आज बाबुराव पेंटरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आहे. रोज तिथून जाताना मला हसू येतं.

विषयांतर झालं. गोळ्या, संध्याकाळी सविस्तर लिहितो, तुझा प्रश्न मोठा आहे.

रिकिबीत_पाय | मंगळवार, दुपारी १:२०

मी शिल्पकार नाही, पण सात-आठ वर्षं घोड्यावर बसतेय, म्हणून विचारते.

१. तुझा मावळा मागे झुकलाय का पुढे?
२. लगाम ताणलेला आहे का सैल?
३. घोड्याचे कान कुठे आहेत?

मातीचा_गोळा | मंगळवार, दुपारी १:४१

ताई, मावळा मागे रेललाय, छाती पुढे काढून. लगाम ताणलेला, डावी मूठ पोटाशी. कान ताठ पुढे. जोश यायला पाहिजे म्हणून.

रिकिबीत_पाय | मंगळवार, दुपारी २:३०

मग तुझा मावळा पुढच्या क्षणाला मेलेला आहे. काकांचं शास्त्र या एका बाबतीत बरोबर निघालं.

घोडा दोन पायांवर उभा राहतो तेव्हा त्याला तोंडापाशी मोकळीक लागते. मान पुढे करूनच तो तोल सांभाळतो. अशा वेळी स्वाराने लगाम ओढला तर आपण त्याला स्वतःच्याच अंगावर पाडून घेतो, पाठीवर. चारशे-साडेचारशे किलो. म्हणून पहिलं शिकवतात ते हे, की पुढे झुक, हात पुढे सोड, गरज पडली तर आयाळ धर, पण लगामाला लोंबकळू नकोस.

मी हे ऐकून होते. तरीही पहिल्यांदा घोडी उठली तेव्हा ओढलाच. मनुष्यस्वभाव, पडताना जे हातात असेल ते माणूस घट्ट धरतो. जिथे शिकत होते तिथे कोणी जवळ उभं नव्हतं, तिची तोंडातली कडीही तिला मोठी होती, हे मला नंतर कळलं. ती कलंडली ती सुदैवाने बाजूला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. मी मातीत पडून बघत होते, तर घोडी दहा पावलांवर थांबलेली, लगाम तिच्याच पायात अडकलेला, अंग थरथरतंय, आणि एक कान माझ्याकडे. दुसरा कान लोक धावत येत होते त्यांच्याकडे.

घोड्याचे कान वेगवेगळे फिरतात. एक पुढे, एक मागे. मागचा कान स्वाराकडे असतो. तुला ओळख दाखवायची असेल तर एक कान मागे वळव. पण दोन्ही मागे चिकटवलेस तर तो राग होतो, ते नको करूस.

मातीचा_गोळा | मंगळवार, दुपारी २:३८

ताई, दीड महिन्यात हे एकानंही सांगितलं नव्हतं. आत्ताच्या आत्ता तार घेऊन स्टुडिओत जावंसं वाटतंय.

शनिवारपेठी | मंगळवार, दुपारी २:४५

नाद खुळा! धागा वाचनखूण साठवली.

टांगेवाल्याचा_नातू | मंगळवार, रात्री ९:१०

कानाचं वाचलं आणि राहवलं नाही. माझा आज्जा टांगा हाकायचा. स्टेशनापासनं बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार. अंबाबाईची माणसं सोडायची आणि परत स्टेशन. घोडी कुमेत, म्हणजे तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, नाव चंदी. चंदी म्हणजे घोड्याचा खुराक. आज्जी म्हणायची, ही खाती बी चंदी आणि हाय बी चंदी.

टांग्याच्या घोड्याला झापडं असतात, मागचं बाजूचं दिसत नाही. म्हणून तो सगळं कानानं बघतो. आज्जा कधी चाबूक उगारायचा नाही असं मी म्हणणार नाही, उगारायचा. पण बहुतेक वेळा नुसता खाकरायचा. खाकरला की चंदीचा डावा कान गर्रकन मागं. मग हा काहीबाही बोलायचा, बाजारभाव, शेजाऱ्याचं भांडण, कुस्तीत कोण पडला. कान हलत राहायचा. मी शेजारी बसलेलो असायचो, माझ्याशी तो एवढं कधी बोलला नाही.

रात्री उशिरा रिकामा टांगा घेऊन परतताना आज्जा झोपायचा. चंदी गंगावेशीत आपणहून थांबायची, दूध कट्ट्यापाशी, कारण तिथं तो पेला मारायचा. थांबली की आज्जाला जाग. दूध पिऊन परत झोप, आणि शुक्रवार पेठेत दाराशी उतरायचा.

घोडा दोन पायांवर उठला की आज्जा म्हणायचा 'झाड झाली'. पंचगंगेच्या घाटाकडं एकदा ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा ती झाड झाली, टांग्यासकट. आज्जानं लगाम सोडला होता सगळा. ताईंनी आत्ता सांगितलं तेव्हा कळलं का सोडला ते.

त्याच्या डाव्या हाताच्या करंगळी आणि शेजारच्या बोटात लगामाची खाच पडली होती. रिक्षा आल्या, धंदा बसला, चंदी विकली. पुढं कित्येक वर्षं तो व्हरांड्यात बसला की ती दोन बोटं एकमेकांवर घासत असायची. मातीत काय दाखवायचं ते तू बघ, मला शिल्पातलं कळत नाही. पण मी असतो तर ती दोन बोटं केली असती.

रिकिबीत_पाय | मंगळवार, रात्री ९:२५

लगाम तिथूनच जातो. बरोबर त्याच दोन बोटांतून.

रंगपेटी | मंगळवार, रात्री १०:५०

यानंतर मी काय लिहिणार, पण कबूल केलंय.

गोळ्या, इटलीचा मारिनो मारिनी म्हणून शिल्पकार होता, १९०१ ते १९८०. जन्मभर त्याने घोडा आणि स्वार हा एकच विषय पुन्हा पुन्हा केला. जर्मनीत बांबर्गच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातला एक दगडी घोडेस्वार आहे, तो त्याने १९३४ मध्ये पाहिला आणि तिथून हे वेड लागलं. सुरुवातीचे त्याचे स्वार शांत आहेत, गुबगुबीत, शेतावरून परतताना बसावं तसे. मग युद्ध आलं, मिलानमधला त्याचा स्टुडिओ बाँबहल्ल्यात गेला, तो स्वित्झर्लंडला राहिला. नंतरचे घोडे बघ. मान ताणलेली, तोंड आभाळाकडे, पाय रोवलेले. स्वार आधी हात पसरतो, मग मागे कलतो, आणि पन्नाशीच्या दशकात तर घोड्यावरून खाली घसरतच असतो. एकाच माणसाची पंचवीस वर्षांची शिल्पं ओळीने लावली तर स्वार पडतानाचा संथ चित्रपट दिसेल.

तुझ्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे. मारिनीच्या शिल्पांत लगाम नाही, खोगीर नाही, पाय ठेवायची रिकीब नाही. हाडं-स्नायू तर तू केलेत त्याच्या पाव सुद्धा नाहीत, घोडा म्हणजे चार खांबांवर एक पिंप. तरी दोघांची ओळख आहे, कारण दोघांचा कणा एकच आहे. घोड्याच्या मानेची रेघ पुढे ओढत नेली तर ती स्वाराच्या पाठीत शिरते. घोडा बिथरला की स्वारही त्याच कोनात बिथरतो.

उलट उदाहरण. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रं घेतली, तेव्हा कळलं की चारही खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. त्याआधीचे चित्रकार पाय पुढे-मागे फाकवून काढायचे. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये इंग्लंडमधली एप्समची शर्यत रंगवली, त्यात सगळे घोडे शास्त्रीयदृष्ट्या चूक. पण बघताना वारा लागतो.

शनिवारपेठी | मंगळवार, रात्री ११:१५

सर, आदर आहे, पण पटलं नाही. आपल्याकडे घोडेस्वार म्हणजे महाराज, ताराराणी, बाजीराव. विद्यापीठात खेडकरांनी केलेला महाराजांचा पुतळा बघून ऊर भरून येतो. घोड्यावरून पडणारा स्वार कोल्हापूरच्या चौकात कोण बसवून घेईल? लोक दगड मारतील.

रंगपेटी | मंगळवार, रात्री ११:३१

चौकात बसव असं कुठे म्हटलं? चौकातला पुतळा लांबून, खालून, वाहनातून बघायचा असतो. त्याला आरपार रेघ लागते, सावली लागते. याचं काम दोन फुटी आहे, टेबलावर ठेवून जवळून बघायचं. दोन्हींची व्याकरणं वेगळी.

आणि पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचे घोडे आठव. लगाम नाही आणि बहुतेकदा स्वारच नाही. घोडा एकटाच सुटलाय. म्हणून तिथे या धाग्याचा प्रश्नच येत नाही, हेही एक उत्तर आहे.

अतिशहाणा | बुधवार, सकाळी १०:००

सगळे भावुक झालेत म्हणून विचारतो. तोंडात लोखंड, पोटाला तंग, टाचेचे घाव, पायात नाल. याला नातं म्हणायचं? वरातीतला घोडा बघा, बँजोच्या भिंतीसमोर तासन् तास उभा. ओळख एकतर्फी आहे. शिल्पकार मालकाच्या बाजूने खोटं बोलतो.

टांगेवाल्याचा_नातू | बुधवार, सकाळी १०:४०

खोटं नाही म्हणत तुमचं. चंदीच्या खांद्याला जखमा व्हायच्या, आज्जी हळद लावायची. विकल्यावर ती कुठं गेली कुणाला ठाऊक नाही, आज्जानं विचारलं पण नाही. तरी कान मागं वळायचा, ते बी खरं. दोन्ही खरं.

रिकिबीत_पाय | बुधवार, दुपारी १२:१५

एकतर्फी मात्र नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, उत्तराइतक्या टापा आपटून. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने छडा लावला. उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात बारीकसा ताण सुटायचा, त्याला स्वतःलाही न कळणारा. घोडा तो वाचायचा आणि थांबायचा. लोक म्हणाले, म्हणजे घोड्याला गणित येत नाही, फसवणूक. मला वाटतं गणितापेक्षा हे अवघड आहे. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवणारा प्राणी. त्याच्या पाठीवर तुम्ही श्वास रोखलात तरी त्याला कळतं.

बाकी वरातीच्या बाबतीत अतिशहाणा यांच्याशी शंभर टक्के सहमत.

संपादक_मंडळ | बुधवार, दुपारी १२:३०

वरात, डीजे आणि प्राणिप्रेम यासाठी वेगळा धागा काढावा. इथले तीन प्रतिसाद उडवले आहेत.

मातीचा_गोळा | रविवार, रात्री ८:२०

चार दिवस गायब होतो, माफ करा.

गुरुवारी पहाटे रंकाळ्यावर गेलो. मुलांना फिरवणारे घोडे असतात तिथे, पण सकाळी गिऱ्हाईक नसतं. एक पोरगा होता, सोळा-सतराचा, आणि एक पांढरट तट्टू, गुडघ्यावर जुना व्रण. पोरगा खरारा करत होता. मानेपासून सुरू करून पाठीवर आला तसा घोड्याने एक मागचा पाय सैल सोडला, खुराचं टोक जमिनीला टेकवून, आणि सगळा भार त्या पोराच्या बाजूला दिला. पोराने न बघता कंबर तिकडे लावली. दोघं एकमेकांना टेकून उभे. एकानं सरकलं असतं तर दुसरा पडला असता. मी अकरा स्केचेस केली. पोरानं विचारलं, "फोटो का काढत न्हाईस? लवकर हुईल की."

मग कावळा नाक्यावर गेलो, उद्यमनगरकरांनी सांगितलं तसा आधी खुरांकडे बघत. रहदारी एवढी, की मागे सरकून बघायला गेलो तर रिक्षावाल्याने शिव्या घातल्या.

घरी आल्यावर मावळ्याला तारेने कमरेत कापला. हात थरथरत होता. पुढे झुकवला, पोट आयाळीला जवळजवळ टेकलं. लगाम आधी मातीची पट्टी होती, ती काढून सुतळी लावली, सैल झोल देऊन. डावी मूठ पोटापासून काढून घोड्याच्या मानेवर नेली. नातवाच्या आज्जांची दोन बोटं केली. एवढी बारीक झालीत की कुणाला दिसणार नाहीत. घोड्याचा डावा कान मागे वळवला. कान वळवल्यावर मानेलाही थोडा पीळ द्यावा लागला, मग खांदा हलला, असं करत करत अर्धा घोडा परत केला.

काल सरांनी बघितलं. चहा नव्हता. दोन चकरा मारल्या. कानापाशी थांबले, वाकून बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता याच्या हातात तलवार कशाला?"

आणि गेले.

शनिवारपेठी | रविवार, रात्री ८:२६

तलवार ठेव!!! मावळा आहे तो.

टांगेवाल्याचा_नातू | रविवार, रात्री ८:४०

बोटांचा जवळून फोटो टाक भावा. आईला दाखवायचाय.

रिकिबीत_पाय | रविवार, रात्री ८:५५

उजवा हात रिकामा ठेवून आयाळीत घालून बघ. ठेवायचा की नाही ते नंतर ठरव.

उद्यमनगरकर | रविवार, रात्री ९:३०

तलवार काढ नाहीतर ठेव, तो तुझा प्रश्न. पण मावळा पुढं झुकवलास म्हणजे भार खुरांच्या पुढं गेलाय, तलवारीचा हात मागं होता तो थोडं सावरत होता. तो काढलास तर घोडा नाकावर येईल. माती ओली आहे तोवर मागच्या पायांची तार जाड कर. आठ नंबरची घे, उद्या दुपारनंतर दुकानावर ये, तुकडा पडलाय माझ्याकडे.